'राम श्याम गुणगान' : भीमसेन जोशी, लता मंगेशकर आणि श्रीनिवास खळे

'राम श्याम गुणगान' हा हिंदी भजनांचा संच १९८५च्या सुमारास निघाला. गायक दोन : पंडित भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर. संगीत श्रीनिवास खळे यांचे. दोघांनी मिळून गायलेली 'राम का गुणगान करिये' आणि 'बाजे रे मुरलिया बाजे' ही भजने त्यातली सर्वांत गाजलेली, आणि त्यांचे शब्द पंडित नरेंद्र शर्मा यांचे. या दोन भजनांखेरीज दोघांनी वेगवेगळी गायलेली भजनेही संचात आहेत. पण लोकांच्या लक्षात राहिली ती जोडीने गायलेलीच.

हा संच निघाला तेव्हा नरेंद्र शर्मा सत्तरी ओलांडलेले होते, भीमसेनजी साठीच्या पुढे होते, खळे साठीच्या उंबरठ्यावर, आणि चौघांत सर्वांत लहान असलेल्या लतादीदी पंचावन्नच्या आसपास. कोणालाच काही सिद्ध करून दाखवायचे राहिलेले नव्हते. असे चार जण एकत्र येतात तेव्हा बहुतेक वेळा नावे मोठी आणि गाणे बेताचे, असे होते. इथे तसे झाले नाही. ते का झाले नाही, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या सभासदांसाठी या विषयाला आणखी एक कारण आहे. देशपांडे नगरात राहणारा माणूस सवाई गंधर्व कलामंदिरावरून दिवसातून दोनदा जातो. गंगूबाई हनगल यांचे घर याच वस्तीत. या संचातला पुरुषस्वर जिथे घडला ते कुंदगोळ इथून जेमतेम वीस किलोमीटर. तरीही आपल्या घरांतली बरीच तरुण मुले भीमसेनजींना ओळखतात ती 'पुण्याचे गायक' म्हणून, आणि त्यांचे गाणे ओळखतात ते आषाढी एकादशीच्या सकाळपुरते. म्हणून थोडे मागून सुरुवात करू.

कुंदगोळचा गळा

भीमसेनजींचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२चा, आताच्या गदग जिल्ह्यातला. गाण्याच्या ओढीने त्यांनी १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडले. त्या ओढीमागे एक तबकडी होती. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी दुकानात वाजत असताना त्यांनी ऐकली आणि असे गाणे आपल्याला यायलाच हवे, हे मनाने घेतले. पुढे साऱ्या देशात घराघरांत ज्यांच्या तबकड्या आणि कॅसेटी वाजल्या, त्या गायकाची सुरुवातही तबकडी ऐकण्यातूनच झाली होती, हे विसरू नये. ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर असे भटकून झाल्यावर जालंधरला विनायकराव पटवर्धनांनी त्यांना सांगितले, की तुझ्या भागातच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. मुलगा उत्तर हिंदुस्थान पालथा घालून घरापासून काही मैलांवर परत आला.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर (१८८६-१९५२). अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य आणि मराठी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवलेले नट. त्यांची पदवीदेखील मराठी रंगभूमीने दिलेली. एका कन्नड गावचा माणूस, किराण्याच्या उस्तादाकडे शिकलेला, मराठी नाटकांतून नावारूपाला आलेला. आपल्या भागात हे त्या काळी कोणालाच विचित्र वाटत नसे. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही इकडचेच, गुर्लहोसूरचे. मराठी नाटक मंडळ्यांचा मुक्काम हुबळी-धारवाडला पडे आणि नाट्यपदे इथल्या कन्नड घरांतही गुणगुणली जात.

भीमसेनजी १९३६ ते १९४१ या काळात गुरूंच्या घरी राहून शिकले. पाणी भरणे आणि घरची पडेल ती कामे करणे हाही शिकण्याचाच भाग होता. गंगूबाई तेव्हा हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला शिकवणीसाठी जात. संध्याकाळी तालीम आटोपल्यावर लहान भीमसेन त्यांना स्टेशनापर्यंत सोडायला येत, ही आठवण हुबळीत अनेकांनी ऐकलेली असेल. दोघे गुरुबंधू-भगिनी, वयात नऊ वर्षांचे अंतर, आणि त्यांच्यातले नाते अखेरपर्यंत तसेच राहिले.

कुंदगोळात भीमसेनजींना मिळाले ते मुख्यतः दोन गोष्टींचे शिक्षण : सूर लावणे आणि दम राखणे. किराणा घराणे स्वराला महत्त्व देणारे. एकेक सूर हळूहळू उलगडत राग उभा करायचा, घाई करायची नाही. भीमसेनजींनी त्यात जोरकस तानांची भर घातली. ती गुरूंकडून जितकी आली तितकीच केसरबाई केरकर आणि अमीर खाँ यांना मनापासून ऐकण्यातूनही आली. मैफलीत ही ताकद तासाभराच्या ख्यालात पसरते. भजनाच्या संचात तिला मिळतात पाच-सात मिनिटे. प्रश्न तिथून सुरू होतो.

एका पट्टीत दोन गळे

शास्त्रीय गायकाचा षड्ज त्याचा स्वतःचा असतो. पुरुष गायक साधारणपणे काळी एक किंवा दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या. दोन्ही पट्ट्यांत चार-पाच सुरांचे अंतर. (गंगूबाईंचा अपवाद सर्वांना ठाऊक आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज खाली आला आणि त्या जवळजवळ पुरुषी पट्टीत गाऊ लागल्या.) त्यामुळे स्त्री आणि पुरुष यांनी एकत्र ख्याल गाणे ही कायमची अडचण होती. पंडित जसराजांनी 'जसरंगी' म्हणून जो मार्ग काढला, त्यात दोघे आपापल्या षड्जावर राहून दोन वेगळे राग गातात आणि मूर्च्छनेच्या हिशेबाने ते एकमेकांत बसतात. तो मैफलीचा मार्ग झाला.

सुगम संगीतात तसे करता येत नाही. तिथे चाल एक, पट्टी एक, वाद्यमेळही एकच. बाईच्या सोयीची पट्टी धरली तर पुरुषाचा आवाज वर ओढला जाऊन पातळ होतो. पुरुषाच्या सोयीची धरली तर बाईला खालच्या सुरात दबून गावे लागते. चित्रपटांतल्या द्वंद्वगीतांत संगीतकार मध्यम मार्ग काढतात आणि चालच अशी वाटून देतात की खालचा भाग एकाकडे, वरचा दुसऱ्याकडे. ऐकणाऱ्याला वाटते, किती सहज गायले! त्या सहजपणामागे कागदावर केलेला बराच हिशेब असतो.

आता लतादीदींचा आवाज डोळ्यांपुढे आणा : वरच्या सप्तकात तलवारीच्या पात्यासारखा सरळ जाणारा, बारीक, हेलकावा नसलेला. आणि भीमसेनजींचा : खर्जात घुमणारा, रुंद, तारसप्तकात चढताना आणखी रुंद होणारा. दोन्ही आवाज तीन सप्तकांत फिरणारे, पण दोघांचे घर वेगळ्या मजल्यावर. एका मायक्रोफोनच्या खोलीत हे दोन आवाज शेजारी ठेवले तर एकाने दुसऱ्याला झाकण्याची भीती. भीमसेनजींनी आपला नेहमीचा जोर लावला, तर नाजूक कलाकुसर ऐकूच येणार नाही. लतादीदींनी आपल्या नेमकेपणाने प्रत्येक अक्षर कोरले, तर त्यांच्या शेजारी मैफलीचा गवई ओबडधोबड वाटेल.

दुसरी अडचण सवयीची. मैफलीचा गायक जागेवर निर्मिती करणारा. आज ओळ अशी घेतली तर उद्या वेगळी घेईल, तेच त्याचे वैभव. पार्श्वगायिकेची कमाई नेमकी उलट : संगीतकाराने दिलेली जागा तंतोतंत तशीच, दहाव्या 'टेक'लाही तितकीच ताजी. एकाची कला न ठरवण्यात, दुसरीची ठरलेले निभावण्यात. भीमसेनजींना इथे आपले स्वातंत्र्य आवरायचे होते. लतादीदींना अशा माणसाशेजारी गायचे होते, ज्याच्या एका आलापीने गाण्याचा सगळा तोल बदलू शकतो.

भजने ऐकताना मला जाणवते ते हे, की दोघांनीही आपले थोडे थोडे सोडले आहे. भीमसेनजी इथे ताना उधळत नाहीत. शब्दांच्या शेवटी एखादी मींड घेतात, एखाद्या स्वरावर क्षणभर जास्त थांबतात आणि बाजूला होतात. त्या थांबण्यात कुंदगोळ दिसते. लतादीदी नेहमीपेक्षा जरा सैल, भजनाच्या लयीत अंग टाकून गातात. ओळी आलटून-पालटून येतात आणि दोघे एकत्र येतात तेव्हा कोणी कोणावर चढाई करत नाही. रसिकांपैकी काहींची तक्रार असते, की इथले भीमसेन हे मैफलीतल्या भीमसेनांचे अर्धेच आहेत. तक्रार खोटी नाही. पण भजनात पूर्ण भीमसेन ओतले असते तर ते भजन न राहता छोटा ख्याल झाला असता, आणि लतादीदींना तिथे साथीला बसल्यासारखे वाटले असते.

मधला माणूस

म्हणूनच या संचात सगळ्यांत मोठे काम मला श्रीनिवास खळे यांचे वाटते. (१९२६-२०११, बडोद्यात वाढलेले, म्हणजे फैयाज खाँच्या शहरात.) 'गोरी गोरी पान'पासून 'शुक्रतारा मंद वारा'पर्यंत, 'श्रावणात घन निळा'पासून राजा बढे यांच्या 'जय जय महाराष्ट्र माझा'पर्यंत त्यांच्या चाली मराठी माणूस न कळत गातो. खळेकाकांच्या चालींची एक गंमत अशी, की ऐकायला सोप्या आणि गायला बसले की पाय घसरलाच. मुखडा साधा वाटतो, पण एखादा स्वर असा आडून येतो की गळा तयार नसेल तर ती जागा हुकतेच. आधी शब्द हातात घ्यायचे आणि मग चाल बांधायची, ही त्यांची पद्धत. शब्दाचे वजन मोडून चाल पुढे रेटणे त्यांना मान्य नसे.

दोघाही गायकांशी त्यांचे आधीचे नाते होते. लतादीदींकडून त्यांनी 'अभंग तुकयाचे' गाऊन घेतले होते. 'सुंदर ते ध्यान' किंवा 'भेटीलागी जीवा' कोणी विसरलेले नाही. 'जिव्हाळा' चित्रपटातले 'या चिमण्यांनो परत फिरा रे' हेही या जोडीचेच. भीमसेनजींनी त्यांच्याकडे 'सावळे सुंदर रूप मनोहर' गायले होते. म्हणजे दोन्ही आवाज कुठे फुलतात, कुठे अडतात, हे त्यांना अगोदरच माहीत होते. दोन मोठ्या माणसांना एकत्र बसवायचे तर मध्ये दोघांनाही आदर वाटेल असा तिसरा लागतो, हे लग्नकार्यात सगळ्यांनी पाहिले आहे. तेच इथे.

खळ्यांची युक्ती, मला समजली तेवढी, अशी : त्यांनी दोघांना एकमेकांसारखे गायला लावले नाही. स्पर्धाही लावली नाही. चाल अशी बांधली की ती एकाने सांगावी आणि दुसऱ्याने पुढे न्यावी. भजनी मंडळात असते तसे. तिथे बुवा एक ओळ म्हणतो, टाळकरी उचलतात, आणि कोण मोठा हा प्रश्न उरत नाही. इथे मात्र बुवा कोण आणि टाळकरी कोण हे ओळीगणिक बदलते. वाद्यमेळ त्या काळातल्या भजनसंचांसारखाच भरलेला आहे. आजच्या कानांना तो कुठे कुठे जास्त गोड वाटेल, मलाही वाटतो. पण आवाजांच्या मध्ये तो फारसा येत नाही.

याआधीच्या जोड्या

शास्त्रीय गायक आणि पार्श्वगायक एकत्र येण्याची ही पहिली वेळ नव्हती. 'बसंत बहार' (१९५६) या चित्रपटात शंकर-जयकिशन यांनी भीमसेनजी आणि मन्ना डे यांच्याकडून 'केतकी गुलाब जूही' गाऊन घेतले. प्रसंग दरबारातल्या स्पर्धेचा, आणि कथेप्रमाणे जिंकायचे होते मन्ना डे यांनी ज्यांना आवाज दिला त्या नायकाने. भीमसेनजींना गाण्यात हरवायचे, या कल्पनेने मन्ना डे आधी कचरले होते, हा किस्सा त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितला. तिथे गाण्याचा पायाच जिंकणे-हरणे हा होता. 'राम श्याम गुणगान'मध्ये नेमका तोच काढून टाकलेला आहे. तीस वर्षांत एवढा फरक.

दुसरे उदाहरण आपल्या बेळगाव भागाशी जोडलेले. सुळेभावीचे कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांनी 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी 'ऋणानुबंधाच्या' हे गीत गायले. शब्द बाळ कोल्हटकरांचे, संगीत वसंत देसाई यांचे. मराठी घरांत ते आजही लग्नाच्या निरोपाला वाजते. कुमारजींच्या तुटक, अर्थाला धरून चालणाऱ्या गायकीशेजारी वाणी जयराम यांचा स्वच्छ आवाज. दोन स्वभावांची माणसे एका दुःखावर बोलत असावीत तसे.

आणि सर्वांत आधीचे उदाहरण देशपांडे नगरचेच म्हणावे लागेल. १९३०च्या दशकात एचएमव्हीने हुबळीच्या एका तरुण गायिकेच्या तबकड्या 'गांधारी' या नावाने काढल्या. त्या म्हणजे आपल्या गंगूबाई. तेव्हा त्यांचा आवाज बारीक आणि उंच होता, नंतरच्या गंगूबाई ऐकलेल्या माणसाला ओळखू येणार नाही असा. जी. एन. जोशी यांच्याबरोबर त्यांनी मराठी भावगीतेही जोडीने गायली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. इतक्या वेळात दोघांनी ओळी वाटून गायच्या आणि गाणे पुरेही करायचे. पन्नास वर्षांनी त्यांच्या गुरुबंधूंना खळ्यांच्या चालीत जे करायचे होते, त्याची लहानशी तालीम गंगूबाईंनी तरुणपणीच केली होती म्हणा ना.

शब्द आणि भाषा

नरेंद्र शर्मा (१९१३-१९८९) हिंदीतले मान्यवर कवी. उत्तर प्रदेशातून मुंबईत आले, चित्रपटगीते लिहिली, आकाशवाणीच्या 'विविध भारती'च्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. 'भाभी की चूड़ियाँ' (१९६१) मधले 'ज्योति कलश छलके' त्यांचेच, सुधीर फडके यांच्या चालीतले. त्यांची भाषा संस्कृतप्रचुर असली तरी जिभेवर जड नाही. लतादीदी त्यांना वडिलांच्या जागी मानत. संचाच्या नावाप्रमाणे काही भजने रामाची, काही कृष्णाची. दोन्ही देवतांना एका पंगतीला बसवणे हिंदी भक्तिपरंपरेत नवे नाही.

मला यात महत्त्वाचे वाटते ते असे : चौघांपैकी हिंदी मातृभाषा एकट्या नरेंद्र शर्मांची. भीमसेनजी घरात कन्नड बोलत वाढले आणि पुण्यात मराठी झाले. लतादीदींचे वडील मास्टर दीनानाथ गोव्याच्या मंगेशीचे, त्यांचा स्वतःचा जन्म इंदूरचा. खळे मुंबईत जन्मलेले, बडोद्यात वाढलेले मराठी. चौघे चार दिशांचे. उच्चारांवर कान ठेवून ऐकले तर भीमसेनजींच्या स्वरांत, विशेषतः दीर्घ 'आ'कारात, एक मोकळा कानडी विस्तार ऐकू येतो. लतादीदींचे हिंदी निर्दोष, घासून पुसून लख्ख केलेले. हे दोन उच्चार शेजारी शेजारी ऐकणे हीदेखील एक मजा.

आपल्या हुबळीतल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. इथे शुक्रवारी सकाळी भीमसेनजींच्या आवाजात 'भाग्यद लक्ष्मी बारम्मा' लागते, एकादशीला त्यांच्याच आवाजात विठ्ठलाचे अभंग, आणि दोन्ही आपलेच. दासवाणी आणि अभंगवाणी या त्यांच्या दोन वाण्या आपल्या घरांत एकाच कपाटात राहिल्या. पुरंदरदास आणि तुकाराम यांच्यापैकी कोणाला आधी लावायचे, यावरून घरात वाद झाले असतील. पण हा गायक कोणाचा, यावर वाद घालायची गरज निदान आपल्याला पडली नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना ती कधी कधी पडते. 'राम श्याम गुणगान' या कपाटातले तिसरे पुस्तक. ते हिंदीत असल्यामुळे शेजारच्या मारवाडी आणि गुजराती घरांतही गेले, आणि रामनवमीला गल्लीत कोणाच्या घरून वाजते आहे हे सांगता येणार नाही इतके पसरले.

कॅसेटचा काळ

हा संच ज्या काळात आला, तो काळही समजून घ्यायला हवा. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. तबकडी आणि ती वाजवण्याचे यंत्र ही मध्यमवर्गाची ऐपतीबाहेरची चैन होती. टेपरेकॉर्डर मात्र स्वयंपाकघरातल्या फळीवर येऊन बसला. भजनांचा बाजार एकदम वाढला. अनुप जलोटा यांचे नाव त्याच लाटेतले. अशा बाजारात भीमसेन आणि लता ही दोन नावे एका वेष्टनावर म्हणजे विक्रीची खात्रीच, आणि कंपनीने तो हिशेब केला नसेल असे समजणे भाबडेपणाचे होईल. पण खात्रीच्या विक्रीसाठी कामचलाऊ चाली पुरल्या असत्या. खळ्यांनी त्या दिल्या नाहीत.

भीमसेनजींसाठी ही वर्षे भरभराटीची होती. १९८५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच सुमारास अमोल पालेकरांच्या 'अनकही' चित्रपटात जयदेव यांच्या संगीतात त्यांनी भजने गायली आणि पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा दिसले. सुरुवात भीमसेनजींनी केली होती आणि शेवटाकडे लतादीदी होत्या. पुष्कळांच्या मनात ही दोन नावे तिथेच जोडली गेली. पण खरे एकत्र गाणे त्याआधी या भजनांत झालेले होते. पुढे लतादीदींना २००१ साली आणि भीमसेनजींना २००८ साली भारतरत्न जाहीर झाले. २००९च्या जुलैत गंगूबाई गेल्या. २०११च्या जानेवारीत भीमसेनजी, त्याच वर्षी सप्टेंबरात खळे. लतादीदी ६ फेब्रुवारी २०२२ला.

कसे ऐकावे

मुलांना हे ऐकवायचे असेल तर माझी सूचना अशी, की आधी 'बाजे रे मुरलिया बाजे' लावावे, कारण त्यात लय पकडायला सोपी. एकदा नुसते ऐकू द्यावे. दुसऱ्यांदा फक्त भीमसेनजींच्या ओळींकडे लक्ष द्यायला सांगावे : श्वास कुठे घेतात ते सापडते का? सहसा सापडत नाही. तिसऱ्यांदा लतादीदींच्या ओळी : शब्दातले शेवटचे अक्षर त्या कसे सोडतात ते पाहावे, टाकत नाहीत, ठेवतात. मग लगेच भीमसेनजींचा एखादा मैफलीतला ख्याल लावावा, पुरियाधनाश्री किंवा मियाँ मल्हार. भजनात त्यांनी किती आवरून धरले होते, ते त्याशिवाय कळत नाही. आणि ज्यांना उलट दिशेने जायचे असेल त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी शोधून ऐकावी. घर सोडायला लावणारी तबकडी ती.

कुंदगोळला जायचे तर हुबळीहून बंगळूरच्या दिशेने जाणाऱ्या मार्गावर रेल्वेचे स्टेशन आहे, गंगूबाई उतरत तेच. गावात नाडगीर वाडा आहे. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ तिथे संगीतसभा होत आली आहे आणि गंगूबाई, भीमसेनजी तिथे येऊन गायले आहेत. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला (भीमसेनजींनी १९५३मध्ये सुरू केलेला) आपल्याकडून दर डिसेंबरात पुष्कळ जण जातात. कुंदगोळच्या वाड्यातल्या सभेला हुबळीतून जायला अर्धा तास पुरतो, आणि जमिनीवर बसायला जागा मिळते.